वत्सगुल्म ते वाघूर : अरण्यातील निवाऱ्याच्या मापाचा इतिहास

वाशीम जिल्हा हा महाराष्ट्राच्या नकाशावरील तसा अलीकडचा जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी तो अकोल्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमदानीत बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ साली मोडला गेला आणि पुढे सुमारे त्र्याण्णव वर्षे वाशीम हे केवळ एक तालुक्याचे गाव म्हणून राहिले. परंतु या गावाचे मोठेपण सरकारी कागदावर कधीच अवलंबून नव्हते. सोळाशे वर्षांपूर्वी ते वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. वात्स्यायनाच्या ग्रंथात त्याचा निर्देश आहे. राजशेखराच्या काव्यमीमांसेत तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लागतो. राजशेखराच्या काळी विदर्भाच्या लेखनशैलीला 'वच्छोमी' असे नाव होते, तेही या गावावरूनच पडलेले.

त्या वैभवाचे पोवाडे गाण्याचा आमचा येथे हेतू नाही. आमचे लक्ष वेधले ते या नावाच्या पोटात दडलेल्या एका कथेने. वत्स नावाच्या ऋषीने येथील रानात आश्रम बांधून घोर तप केले, तेव्हा देवांचा समुदाय खाली उतरून त्याच्या आश्रमाच्या आसपास राहू लागला आणि म्हणून हे वत्सगुल्म, असे स्थानिक माहात्म्य सांगते. संस्कृतात 'गुल्म' म्हणजे समूह, तसेच झुडपांची जाळीही. एका टीकाकाराने वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्रांची निराळी कथा दिली आहे. व्युत्पत्ती कोणतीही खरी असो, लोकांच्या स्मृतीने राजपुत्रांपेक्षा ऋषीला जवळ केले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राजधानीच्या जन्मखुणेवर एक झोपडी आहे, अशी ही श्रद्धा.

आज 'निसर्गाच्या सान्निध्यात' राहण्याची हौस वाढली आहे. रानाच्या कडेला विश्रामगृहे, ध्यानगृहे, शेतघरे उभी राहत आहेत आणि प्रत्येकाच्या फलकावर 'पर्यावरणस्नेही' हा शब्द आहे. आमच्या धर्मजीवनातही एकांतसाधनेला जुने स्थान आहे. म्हणून हा प्रश्न आम्हांला परका नाही. अरण्यात माणसाने राहायचे तर घर केवढे असावे, कशाचे असावे, कोणाला विचारून बांधावे? या प्रश्नांची जुनी आणि नेमकी उत्तरे वत्सगुल्माच्या इतिहासात सापडतात. ती एकमेकांशी नेहमीच जुळत नाहीत, आणि म्हणूनच ती बोलकी आहेत.

वत्सगुल्माचे पाणी

वाकाटकांच्या या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन, पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र. 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा तो कर्ता. ते काव्य आज उपलब्ध नाही. त्याचा मुलगा विंध्यसेन याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच मिळाला आणि वत्सगुल्मच्या राजघराण्याचे अस्तित्व पक्के झाले. पुढे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी या लेखांचे वाचन, संपादन करून मराठी वाचकांपुढे हा सारा इतिहास मांडला. विदर्भावर त्यांचे हे मोठे ऋण आहे.

वाशीमजवळच्या हिस्से बोराळा येथे देवसेन राजाच्या काळातील एक शिलालेख मिळाला. त्यावर शके ३८० हा काळ आहे, म्हणजे इसवी सन ४५७-५८. देवसेनाचा सेवक स्वामिल्लदेव याने 'सुदर्शन' नावाचे तळे बांधविले, असे तो सांगतो. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी याच नावाचा विख्यात जलाशय होता. त्याची कीर्ती विदर्भापर्यंत पोहोचली असली पाहिजे. या काळ्या पाषाणाच्या मुलखात पावसाळा संपला की ओढे आटतात. खाली थराथरांचा कातळ, वर मातीचे पांघरूण कोठे जाड, कोठे बोटभर. येथे राहायचे तर आधी पाणी अडविले पाहिजे, ही जाण वत्सगुल्मच्या राजसेवकांना होती. वाशीमचे पद्मतीर्थ आणि तेथील इतर तीर्थांची परंपरा याच जाणिवेला धर्माचे रूप देते, असे आम्हांला वाटते.

वराहदेवाचे दान

देवसेनाचा मंत्री हस्तिभोज. त्याचा मुलगा वराहदेव हा देवसेनपुत्र हरिषेण याचा मंत्री. हे घराणे वल्लूर येथील ब्राह्मणांचे, वेदाध्ययनाची परंपरा असलेले. या वराहदेवाने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून भिक्षुसंघाला दिले. वाशीमपासून अजिंठा दीड-दोनशे किलोमीटर दूर असला तरी भूगोलाने ही दोन स्थाने जोडली आहेत. अजिंठ्याची डोंगररांग पूर्वेकडे बुलढाण्यातून वाशीमच्या पठारापर्यंत येते. पैनगंगा याच रांगेत उगम पावते. एकाच डोंगराच्या एका टोकाशी राजधानी होती. दुसऱ्या टोकाच्या दरीत, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, तिच्या मंत्र्याने संन्याशांसाठी घर बांधले.

सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर डाव्या भिंतीवर त्याचा लेख आहे. राजवंशाची स्तुती झाल्यावर तो या वास्तूचे वर्णन करतो. ते कवीचे वर्णन असले तरी त्यातून घर बांधणाराच्या मनातील यादी स्पष्ट दिसते. ढगांनी वेढलेल्या डोंगरावर ही जागा निवडली आहे. घराला खिडक्या आहेत, दारे आहेत, चित्रे आहेत, आत बुद्धाचे मंदिर आहे. पाण्याचे मोठे टाके आहे. नागराजाचे स्थान आहे. आणि हे घर सर्व ऋतूंत सुखकर आहे, असाही दावा आहे. आई-वडिलांना पुण्य लाभावे म्हणून तपोधन मुनींना हे घर दिले.

आजचा स्थापत्यविशारद वेगळी यादी करील असे आम्हांला वाटत नाही. स्थान, पाणी, उजेड, ऋतुमान, प्रार्थनेची जागा. यांतील 'सर्व ऋतूंत सुखकर' हा शब्दप्रयोग पोकळ नाही. कातळाच्या पोटातील खोलीत बाहेरचा उन्हाळा फारसा शिरत नाही, हिवाळ्याची रात्रही तितकी बोचत नाही. जाड दगड उष्णता सावकाश घेतो आणि सावकाश सोडतो. वैशाखात सोळाव्या लेण्याच्या दिवाणखान्यात उभे राहिल्यास कोणालाही हे कळते.

बांधकामाची रीतही पाहण्यासारखी आहे. लेणे वरून खाली कोरीत येत. आधी छत, मग खांबांची शिरे, शेवटी जमीन. त्यामुळे उंच पराती उभाराव्या लागत नसत. घराचे साहित्य घराच्या जागेवरच होते. किंबहुना काढून टाकलेला दगड सोडला तर उरलेला डोंगर हेच घर. भिंतींवरचा गिलावा मातीचा, त्यात भाताचा तूस, गवत आणि इतर वनस्पतींचे तंतू मिसळलेले. या गिलाव्याविषयी २०१६ साली राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई या अभ्यासकांनी एक मनोरंजक निरीक्षण प्रसिद्ध केले. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले आणि तेथे कीड कमी लागली. अजिंठ्याला ते नव्हते आणि तेथील चित्रांची किडींनी बरीच हानी केली. एका रानटी रोपाच्या असण्या-नसण्याने शतकांनंतर केवढा फरक पडतो!

बारा वितींची कुटी

परंतु अरण्यवासी भिक्षूने केवढ्या घरात राहावे, याचा नियम वराहदेवाच्या कितीतरी आधी ठरला होता. विनयपिटकात तो आहे. भिक्षूने स्वतः मागून आणलेल्या साहित्यातून स्वतःसाठी कुटी बांधली तर ती लांबीला बारा वितींहून आणि आतून रुंदीला सात वितींहून अधिक नसावी. ही वीत 'सुगताची', म्हणजे बुद्धाची. तिच्या लांबीविषयी मतभेद आहेत. आधुनिक भाष्यकारांच्या एका हिशेबाने ही कुटी सुमारे ३ मीटर लांब व पावणेदोन मीटर रुंद भरते. एक माणूस आडवा होईल, बसेल, दोन पावले टाकील, एवढीच. शिवाय जागा आपल्या मनाने निवडायची नाही. संघाने येऊन ती पाहावी. तेथे मुंग्या, वाळवी, उंदीर, साप यांची वस्ती नसावी. घराभोवती बैलगाडी वळेल इतकी मोकळी जागा असावी.

हा नियम का करावा लागला, याची कथा मोठी मार्मिक आहे. आळवी गावचे भिक्षू कुटी बांधू लागले आणि लोकांकडे मागणी सुरू झाली. माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, गवत द्या. लोक इतके कावले की भिक्षू दिसताच वाट बदलू लागले. दुरून गाय दिसली तरी भिक्षूच आला असे समजून पळू लागले. एकांताचे घर गावावर ओझे झाले होते.

अशा आणखी कथा आहेत. धनिय नावाचा भिक्षू पूर्वाश्रमीचा कुंभार. त्याची गवताची झोपडी तीनदा लाकूडफाटा गोळा करणाऱ्यांनी मोडून नेली, तेव्हा त्याने कुंभारकी वापरून मातीची कुटी रचली आणि ती सबंध भाजून लाल केली. ती दिसायला सुंदर होती. बुद्धाने ती मोडायला लावली. कारण भाजताना जमिनीतले जीव मेले होते. धनियाने मग राजाच्या राखीव लाकडावर हात टाकला आणि त्यातून चोरीचा मोठा नियम निघाला. आळवीच्याच एका भिक्षूने कुटीसाठी झाड तोडले, त्यावरून झाडाझुडपांना इजा न करण्याचा नियम आला. छन्न नावाच्या भिक्षूने आपल्या विहारावर थरामागून थर चढवीत छप्पर इतके जड केले की ते कोसळले; आणि त्याच्या दुरुस्तीसाठी गवत-लाकूड गोळा करताना शेजारच्या ब्राह्मणाचे जवाचे शेत तुडविले गेले. यावरून छपराच्या थरांना मर्यादा आली.

या कथांतील प्रत्येक घटना कथेप्रमाणेच घडली असेल असा आमचा आग्रह नाही. पण नियम करणाराची दृष्टी स्वच्छ दिसते. घराचे मोजमाप भिंतींपाशी संपत नाही. वाळवी, झाड, शेजाऱ्याचे जव, गावकऱ्याचा बैल, राजाचे लाकूड या सर्वांना ते घर किती भारी पडते, हे त्याचे खरे माप.

मापाची ओढाताण

आता वराहदेवाचे लेणे आणि ही बारा वितींची कुटी शेजारी ठेवून पाहावीत. सोळाव्या लेण्यात खांबांनी वेढलेला विस्तीर्ण दिवाणखाना आहे, तीन बाजूंना १४ खोल्या आहेत, चित्रांची समृद्धी आहे. नियम मोडला गेला काय? अक्षरशः पाहता, नाही. दात्याने बांधून दिलेल्या विहाराला मापाचे बंधन नव्हते. फक्त जागा संघाने पाहून दिली पाहिजे, एवढेच होते. पण या सवलतीतूनच इतिहासाची वाट वळली. अजिंठ्याचे बारावे लेणे हे सातवाहनकालीन, म्हणजे इसवी सनापूर्वीचे. त्यात साध्या चौरस दालनाभोवती १२ खोल्या आणि प्रत्येकीत दोन दगडी बाके. वर्षावासाचे तीन महिने काढण्यासाठी याहून अधिक काय हवे? पाच-सहा शतकांनंतर त्याच दरीत राजे आणि मंत्री जणू एकमेकांशी स्पर्धा करीत लेणी कोरू लागले.

तरीही वराहदेवाला आम्ही केवळ वैभवाचा हौशी म्हणणार नाही. त्याच्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी नागराजाची मूर्ती आहे. दरीच्या टोकाला सातकुंडाचा धबधबा कोसळतो. त्या पाण्याचा रक्षक म्हणून नागाची पूजा या मुलखात बुद्धाच्याही आधीची असावी. नवे घर बांधताना मंत्र्याने जुन्या रहिवाशाला हाकलले नाही. त्याला उंबरठ्यावर मानाची जागा दिली आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही केला. रानात आपण पाहुणे आहोत, घरमालक नव्हे, ही जाण त्या मूर्तीत आम्हांला दिसते.

पाण्याच्या बाबतीत तर ही परंपरा आजही गुरू ठरावी. मुंबईजवळच्या कान्हेरीला गेलेल्या वाचकांनी पाहिले असेल, तेथे शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेक लेण्यांपाशी कातळात खोदलेले टाके आहे. डोंगरावर पडणारा पाऊस चरांवाटे त्यात उतरतो. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हणतात आणि दानाच्या लेखांत लेण्याबरोबर पोढीचाही उल्लेख येतो. पोढीवाचून लेणे म्हणजे अपुरे दान. आपल्या छपराखाली किती माणसे राहू शकतील, हे छपरावर पडणारे पाणी ठरवीत होते.

शेवट मात्र राजकारणाने केला. हरिषेणाच्या निधनानंतर वत्सगुल्मची सत्ता वेगाने ढासळली. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्यभराच्या संशोधनातून असे मांडले की हे निधन इ. स. ४७७ च्या सुमाराचे आणि त्यासरशी अजिंठ्याचे काम जवळजवळ एकाएकी थांबले. सर्वांना ही कालगणना मान्य नाही. पण अर्धवट कोरलेले खांब आणि अपुरी दालने तेथे आहेत, ती कोणालाही दिसतात. दरबाराच्या आश्रयाने वाढलेला एकांत दरबाराबरोबर ओसरला.

एकांतावर आलेली गर्दी

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि दहाव्या लेण्यात चित्रावरच आपले नाव कोरून गेला. त्यानंतरची कहाणी काळजीची आहे. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रांची दुरुस्ती करविली. पण संरक्षणासाठी लावलेले रोगण पुढे पिवळे पडले आणि रंग झाकोळले. १९८३ साली अजिंठा जागतिक वारसा ठरला. माणसांच्या श्वासाची वाफ चित्रांना मारक ठरू लागली. आता वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवून पुढे बसने नेतात आणि महत्त्वाच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. बारा वितींचा नियम असा कित्येक शतकांनी निराळ्या वेशात परत आला.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. वराहदेवाचे लेणे पुरे झाले त्या सुमारासच इटलीत बेनेडिक्ट जन्मला. तरुणपणी तो सुबियाकोच्या एका गुहेत तीन वर्षे एकटा राहिला. पुढे त्याच गुहेवर मोठा मठ उभा राहिला. ब्रूनोने १०८४ साली आल्प्सच्या एका निर्जन दरीत आपला आश्रम वसविला. ११३२ साली हिमप्रपाताने तो गाडला आणि मठ खालच्या सुरक्षित जागी हलवावा लागला. जागा आधी नीट पारखून घ्यावी, हा आळवीचा नियम तेथे बर्फाने शिकविला. असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या बंधूंना माती-लाकडाच्या लहान खोल्या बांधण्यास सांगितले, आश्रमात तीन किंवा फार तर चार जणांनीच राहावे असा नियम घातला आणि सरपणासाठी झाड तोडताना ते पुन्हा फुटेल इतके खोड राखावे असे बजावले. पूर्व आणि पश्चिम येथे एकमेकांच्या शिष्या नाहीत. रान दोघींनाही एकच धडा देते.

वाशीमच्या रानाकडे

आज वाशीम जिल्ह्यात जंगल थोडे उरले आहे. अकोल्याच्या सीमेवरचे काटेपूर्णा अभयारण्य, कारंज्याजवळचे काळविटांचे सोहोळ अभयारण्य आणि डोंगरउतारांवर विखुरलेला साग, सालई, पळस, तेंदू. या रानाच्या कडेला आंध आदिवासींची घरे आहेत, बंजारा बांधवांचे तांडे आहेत. वऱ्हाडच्या खेड्यांतली जुनी घरे पाहिली तर कुडाच्या भिंती, शेणामातीचा लेप, सागाच्या किंवा धावड्याच्या बल्ल्या, वर गवत. कोठे धाब्याचे छप्पर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पर्यावरणस्नेही घराचा नमुना शोधायला दूर जाण्याची गरज नाही. तो गरिबाच्या अंगणात उभा आहे. आपणच त्याला मागासलेपणाचे नाव दिले. शहरातील स्थपती आता तीच माती, तोच कूड मोठी किंमत घेऊन परत आणीत आहेत. त्यात आम्हांला आनंद आहे. मात्र ज्या हातांनी हे ज्ञान जपले त्या हातांना मजुरीबरोबर मानही मिळावा.

अशा रानालगत कोणी एकांतगृह, ध्यानगृह बांधू म्हणेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो वा कोणत्याच धर्माचा नसो, त्याने वत्सगुल्मचा हा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा. छपरावर पडणाऱ्या पावसाचे टाके आधी खणावे आणि त्यात मावेल तेवढ्याच माणसांचे घर बांधावे. जाड भिंत, खोल ओसरी आणि समोरासमोरची खिडकी असेल तर विदर्भाचा उन्हाळाही पुष्कळसा बाहेर राहतो. माती, दगड, लाकूड पाच-दहा कोसांतले असावे. पण रान बोडके करून आणलेले नसावे. छन्नाचे छप्पर आठवून वरचे ओझे हलके ठेवावे. खोली एका माणसापुरती असावी. सभागृहाचा मोह पडला तर तो आवरावा, कारण सभागृह झाले की गाड्या येतात, गाड्यांमागून रस्ता येतो आणि रस्त्यामागून रान जाते.

सर्वांत आधी मात्र विचारावे. विनयाच्या नियमात भिक्षू एकटा जागा ठरवीत नाही. चार माणसे येऊन ती पाहतात. आज त्या चार माणसांत वनखात्याचा अधिकारी असेल, पण ग्रामसभाही असली पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानावरचा तेथील रहिवाशांचा हक्क मान्य केला आहे. तो कागदावर मान्य करून कुंपणाने नाकारणे हा आळवीच्या भिक्षूंचाच दोष होय. गुरे चारणारा पोरगा, मोहाची फुले वेचणारी बाई, पाणवठ्यावर येणारे काळवीट हे आपल्या एकांतातील व्यत्यय नव्हेत. ते त्या जागेचे नागराज आहेत. त्यांची जागा उंबरठ्यावर, आपल्याआधी.

वराहदेवाने आपल्या नावाचा लेख कोरवून ठेवला म्हणून तो आम्हांला ठाऊक झाला. वत्स ऋषीच्या झोपडीचा मागमूसही उरलेला नाही. ती पहिल्या चार-सहा पावसाळ्यांतच मातीला मिळाली असेल. गावाने मात्र नाव घेतले ते त्या झोपडीवाल्याचे.